तांबड्या वाटांवरची सायकल

सायकल माझी नव्हे, भाच्याची. तो पुण्याला नोकरी करायचा. २०१९ साली कंपनीने त्याला जर्मनीला पाठवलं, तेव्हा जाण्यापूर्वी डिचोलीला येऊन सायकल आमच्या पडवीत ठेवून गेला. "मामा, पडून राहिली तर चेन गंजेल, अधूनमधून फिरवा," एवढंच सांगितलं.

सायकल तशी चमत्कारिकच. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र चांगले दोन बोटांहून रुंद आणि खरबरीत. मला वाटलं, दोन सायकलींचे सुटे भाग जोडून कोणीतरी एक केलेली असावी. महिनाभराने भाच्याचा फोन आला.

"मामा, फिरवली का? तुमच्याकडे ग्रॅव्हल मस्त असेल!"

"ग्रॅव्हल म्हणजे रे काय?"

"खडी, मामा. कच्चे रस्ते."

आता आमच्याकडे कच्चा रस्ता म्हटला की आमदाराला निवेदन द्यायचं असतं, हे त्या पोराला काय सांगणार! दारात डांबर यावं म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, आणि इथे हौसेने खडी शोधत फिरायचं? मला ते काही पटेना. पण सायकल पडवीत उभी होती, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि चालायचा मला मनस्वी कंटाळा. झालं, सुरुवात झाली.

मग थोडं वाचलं. या प्रकाराला 'ग्रॅव्हल बाईकिंग' म्हणतात आणि त्याच्या शर्यतीसुद्धा होतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावी २००६ पासून दोनशे मैलांची शर्यत भरते. तिथल्या टेकड्या गारगोटीच्या, धारदार दगडांच्या. टायर फाटतात, माणसं चिखलात सायकल खांद्यावर घेऊन चालतात, तरी पुढच्या वर्षी परत येतात. २०२२ साली इटलीत या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धासुद्धा झाली. या सगळ्यात मला एक गोष्ट लक्षात राहिली. कॅन्ससमधले ते सरळसोट खडीचे रस्ते कोणी सायकलवाल्यांसाठी केलेले नाहीत. शेतांच्या चौकटी आखल्या, एकेका मैलावर रस्ते गेले, आणि त्यांवरून शेतकऱ्याचं धान्य बाजाराला जायला लागलं. सायकलवाले मागाहून आले. म्हणजे खडीचा रस्ता हा मुळात कामाचा रस्ता.

आमच्या डिचोलीत तसा कामाचा रस्ता कुठला, हे कुठल्याही डिचोलीकराला विचारा. खाणीचा!

*

माझ्या लहानपणी सायकल ही हौसेची वस्तू नव्हती. पोदेर पहाटे मागे पावाची टोपली बांधून पोंपों करीत यायचा, पोस्टमन दुपारी यायचा, हायस्कुलातली मुलं एका सायकलीवर तिघं बसून जायची. बहुतेकांची काळी, जड, दांडीची सायकल. मग खाणीचा धंदा वाढत गेला तशी रस्त्यावरची सायकल कमी होत गेली. दहा टन खनिज भरलेले ट्रक एकामागून एक, अगदी मुंग्यांच्या रांगेसारखे, खाणीपासून मांडवीच्या काठच्या धक्क्यांपर्यंत जायचे. तिथून माल बार्जमध्ये भरून मुरगाव बंदरात. जितक्या खेपा तितके पैसे, त्यामुळे रिकामा ट्रक परतताना भरलेल्या ट्रकापेक्षा जास्त भीतीचा. २०१०-११ च्या सुमाराला गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज परदेशी जात होतं. त्यातला कितीतरी माल आमच्या उंबऱ्यासमोरून गेला म्हणायचा. तुळशीच्या पानांवर तांबडी धूळ, वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबडी धूळ, काजूच्या मोहोरावरही तीच. आई रोज संध्याकाळी वृंदावन पुसायची आणि सकाळी ते परत तांबडं व्हायचं.

मी सातवीत असताना वडिलांनी माझी सायकल काढून घेतली. शिक्षा म्हणून नव्हे. आमच्या वर्गातल्या एका मुलाचा अपघात झाला होता. तो वाचला, पण पाय अधू झाला. त्या आठवड्यात डिचोलीतल्या किती घरांत सायकली माळ्यावर चढल्या असतील कुणास ठाऊक! ट्रकाचा आवाज आला की रस्ता सोडून गवतात उतरायचं, ही सवय मात्र अंगात राहिली. आजही आहे.

पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१४ साली न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. मग ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्च २०१८ पासून सगळं पुन्हा ठप्प. डिचोलीत दुसऱ्या दिवशी सकाळी पक्ष्यांचे आवाज ऐकू आले, असं मी लिहिलं तर कवीपणा वाटेल. पण ते खरं आहे.

*

तर या थांबलेल्या रस्त्यांवर मी भाच्याची सायकल घातली.

पहिल्या दिवशीच पडलो. रस्ता दिसायला सपाट आणि रुंद, पण दोन पावसाळे ट्रक न फिरल्याने वरची माती वाहून गेलेली आणि खाली राहिले ते जांभ्याचे गोल गोल खडे. लहान मुलांच्या गोट्यांसारखे. उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि मी सायकलीच्या आधी खाली पोचलो. कोपर सोललं. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, टायरात हवा किती आहे?" मी अभिमानाने सांगितलं, टिच्चून भरली आहे. तो हसला. हवा कमी करायची म्हणे! टायर थोडा मऊ राहिला की खड्यांना धरून चालतो. ब्रेक मागचा आणि पुढचा मिळून, हलक्या हाताने. उतारावर नजर चाकापुढे नव्हे, दहा-पंधरा हात पुढे. आणि मुख्य म्हणजे हँडल घट्ट आवळून धरायचं नाही, सायकलीला थोडं डुलू द्यायचं.

हे जमायला लागलं आणि मला आपलाच तालुका नव्याने दिसू लागला. आयुष्यभर ज्या भागाकडे ट्रकाच्या धुळीमुळे तोंड फिरवून गेलो, तिथे आता सकाळी सहाला मी एकटा. टाकाऊ मातीच्या डोंगरांवर, ज्यांना आम्ही डंप म्हणतो, गवत उगवलेलं. वळणावर मोर. पावसाळ्यात कातळावर शेवाळ, तेव्हा उतरून चालायचं. मार्च-एप्रिलात काजूच्या बोंडांचा आंबूस वास. पूर्वेला सह्याद्रीची निळी रांग. आणि मध्येच, अचानक, पाणी.

खाणीच्या खंदकातलं पाणी ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांना सांगतो, ते फार सुंदर दिसतं. तांबड्या पायऱ्यापायऱ्यांची भिंत खोल उतरत गेलेली आणि तळाशी हिरवंनिळं, आरशासारखं स्थिर तळं. खाण चालू असताना ते पाणी पंपाने उपसत. पंप बंद झाले, तळी भरली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ काठापासून लांब उभा राहिलो. लांब अशासाठी की याला काठच नसतो. मयेच्या तळ्याला काठ आहे, घाट आहे, माणूस हळूहळू पाण्याकडे जातो. इथे जमीन संपते आणि सरळ खाली पाणी. न्हायला नाही, गुरांना नाही, मासे धरायला नाही. नावसुद्धा नाही. आमच्याकडे साध्या झऱ्यालाही नाव असतं आणि त्याचा राखणदार असतो!

त्या दिवसांत मी शेजारच्या भाईंना उत्साहाने हे सगळं सांगायचो. भाईंचा स्वतःचा ट्रक होता, बँकेचं कर्ज काढून घेतलेला. २०१८ पासून तो त्यांच्या अंगणात जागच्या जागी उभा. चाकांमधून रान वाढलेलं, टपावर कोंबड्या. त्या ट्रकाच्या हप्त्यांसाठी वहिनींच्या बांगड्या गेल्या हे आम्हांला ठाऊक होतं, पण बोलायचं नाही अशी रीत. भाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मोर, काजू, निळं पाणी. मग म्हणाले,

"तुका बरो रस्तो मेळ्ळो रे."

बस, एवढंच. रागाने नाही, टोमण्यानेही नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मी ज्याला शांतता म्हणत होतो, ती भाईंच्या अंगणात उभी होती.

*

मग मी त्या रस्त्यांवर जाणं कमी केलं आणि दुसरीकडे वळलो. साळ, मेणकुरेच्या बाजूला आमठाण्याचं धरण आहे. त्याच्या आसपास रानातल्या वाटा आहेत, आणि तिळारीचा कालवा आहे. कालव्याच्या काठाने देखभालीसाठी ठेवलेला कच्चा रस्ता असतो. चढउतार नाही, कारण पाण्याला चढ चालत नाही. सायकलवाल्याला यापरतं सुख नाही. एका हाताला वाहतं पाणी, दुसऱ्या हाताला माड, केळी, मिरची, भाजी.

साळला गेलो की मला गड्यांची जत्रा आठवते. होळीच्या पौर्णिमेच्या सुमाराला तीन रात्री हे गडे अवसर येऊन रानात धावतात, डोंगरात दिवट्या दिसतात, देवचार त्यांना वाट दाखवतो अशी श्रद्धा. दिवसा ज्या वाटेवर मी गिअर बदलत जपून उतरतो, त्याच तऱ्हेच्या वाटांवरून ते अंधारात अनवाणी पळतात. माझ्या दोन बोटं रुंद टायरांचा गर्व तिथे गळून पडतो.

कालव्याची दुसरी बाजू पेडण्यात. तिळारीचा डावा कालवा डिचोली-बार्देशाकडे येतो, उजवा पेडण्याकडे. चांदेल-हसापूरच्या बाजूला माझं आजोळ, म्हणून मामेभावाच्या पिकअपमध्ये सायकल टाकून मी तिकडेही जाऊ लागलो. पहिल्याच खेपेला रानातून बाहेर पडलो तर एका म्हातारीने विचारलं, "वाट चुकलस काय रे?" मी म्हटलं, नाही, अशीच फिरतोय. तिला ते पटलं नाही. तिने तांब्याभर पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि डांबरी रस्ता कुठे आहे ते दोनदा समजावून सांगितलं. कामाशिवाय या वाटेला कोणी येत नाही, हा तिचा अनुभव. चुकलेलाच येतो.

इथे तरी मी कोणाच्या थांबलेल्या चुलीवरून सायकल चालवत नाही, असं मनाशी म्हणत होतो. पण मामेभावाने एकदा दोडामार्गाच्या पुढे धरणावर नेलं. तिळारीचा प्रकल्प गोवा आणि महाराष्ट्र यांचा संयुक्त, करार १९९० चा. वरून जलाशय पाहिला. डोंगर पाण्यात उतरलेले, मधूनच झाडांचे वठलेले शेंडे. त्या पाण्याखाली आयनोडे, सरगवे, शिरंगे अशी गावं आहेत. तिथल्या लोकांनी नोकरीसाठी, मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. आमच्या नळाला येणारं पाणी आणि माझी सपाट वाट, दोन्ही तिथून निघतात. मामेभाऊ म्हणाला, उन्हाळ्यात पाणी उतरलं की काही जण आपली घरं कुठे होती ते पाहायला येतात. मी काही बोललो नाही.

आणि पेडण्याची वाट काही रिकामी नाही. कालव्यात गवे पडतात, लोक दोर लावून त्यांना बाहेर काढतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ओंकार नावाचा तरुण हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला आणि मोपा, तांबोसे, उगवे या गावांत भातशेती, बागायती तुडवत फिरला. त्या दिवसांत मामेभावाने मला फोन करून बजावलं, सायकल घेऊन अजिबात यायचं नाही. मोप्याचा सडा आता विमानतळ झाला आहे, जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात. हत्ती आपल्या वाटेने गेला असेल. वाट तीच राहिली की नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

*

मयेचं तळं मात्र मी सोडलेलं नाही. आठवड्यातून एकदा तरी सकाळी तिथे जातो. सायकल काठावर टेकवून बसलं की आजीने सांगितलेली गोष्ट आठवते. सात बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा घाटापलीकडून चालत गोव्यात आले, आणि मयेत थांबले. मग एकेक जण वेगळी झाली. लईराई शिरगावला, केळबाई मुळगावला, महामाया मयेतच राहिली, मोरजाई पार पेडण्यात मोरजीला. म्हणजे डिचोली आणि पेडणे ही दोन टोकं मी सायकलीने जोडतो असं मला वाटत होतं, ती या बहिणींनी कधीच जोडून ठेवली आहेत.

आणि ही नुसती गोष्ट नव्हे. वैशाख शुद्ध पंचमीला लईराईच्या जत्रेला हजारो धोंड हातात बेतकाठी घेऊन शिरगावला येतात, तळीत न्हातात, पहाटे निखाऱ्यांवरून चालतात. लहानपणी मी त्यांना ट्रकांच्या त्याच तांबड्या रस्त्याच्या कडेने चालत येताना पाहिलं आहे. खाणी चालू होत्या तेव्हाही ते आले, बंद होत्या तेव्हाही आले. या भागातल्या वाटांवर कोणाचा हक्क असलाच, तर तो आधी त्यांचा, मग भाईंच्या ट्रकाचा, मग ज्यांच्या विहिरी आटल्या आणि शेतात गाळ गेला त्यांचा. हौशी सायकलवाल्याचा नंबर बराच मागे लागतो.

हे मी स्वतःला समजावतो, कारण २०२४ साली पुन्हा वेळ आली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये खाणपट्ट्यांचा लिलाव झाला होता, त्यात डिचोलीचा आणि शिरगाव-मयेचा पट्टा होता. दीड वर्षाच्या आत डिचोलीत काम सुरू झालं. एका सकाळी माझ्या नेहमीच्या वाटेवर आडवा बांबू आणि फलक. पहारेकरी परप्रांतीय होता, नम्र होता. "आगे बंद है, अंकल." मी वळलो.

वळताना वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू? माझे मोर, माझं निळं पाणी. मग मनात आलं, पाच वर्षांत मी मये-मुळगावच्या एकाही सभेला गेलो नव्हतो. मुळगावचे लोक आपली घरं, देवळं, तळी खाणपट्ट्यातून वगळा म्हणून मागणी करत होते, आणि मी त्यांच्याच डोंगरावरून सकाळची हवा खात घरी परतत होतो. भाईंनाही कधी विचारलं नव्हतं की ट्रक किती रुपयांना गेला. तो २०२१ मध्ये भंगारात गेला, हे मला रिकाम्या अंगणावरून कळलं. त्या शांततेसाठी मी कोणाला काही दिलं नव्हतं, मग ती गेली म्हणून तक्रार कोणाकडे करणार?

त्यानंतर मी सभांना जाऊ लागलो. फार बोलत नाही, मागे बसतो. तिथे दोन्ही बाजूंची माणसं असतात, पुष्कळदा एकाच घरातली. खाण हवी म्हणणाऱ्याच्याच आईची विहीर आटलेली असते. बाहेरून सोपं वाटतं तसं ते नाही, एवढं मला त्या मागच्या बाकावर कळलं. आणि कुठल्या वाटेवर ओहळ कसा वळवला आहे, कुठे मातीचा बांध खचतो आहे, हे सांगायची वेळ आली तेव्हा दोन-तीनदा मी उभा राहिलो. सायकलीने तेवढं शिकवलं होतं.

परवाचीच गोष्ट. मयेहून डिचोलीला येत होतो. मागून ट्रकाचा आवाज आला आणि अंगातल्या जुन्या सवयीने मी थेट गवतात उतरलो. ट्रक पुढे जाईना. वळून पाहिलं तर तो अगदी मंद, मागेच थांबल्यासारखा. वर ताडपत्री नीट बांधलेली. चालकाच्या खिडकीतून भाईंचा थोरला मुलगा डोकावला. मधल्या काळात तो पणजीला हॉटेलात होता, आता दुसऱ्याच्या ट्रकावर आहे.

"काका, तुमी वचात फुडें," तो म्हणाला. "हांव सवकास येतां."

मी गवतातून सायकल वर काढली आणि रस्त्याला लागलो. तिठ्यापर्यंत तो माझ्या मागून तसाच हळू येत राहिला.